बर्फाला जाताय? आधी कापूस बघा!

डिसेंबर उजाडला की ऑफिसात दोन गोष्टी हमखास घडतात. एक म्हणजे रजेच्या अर्जांचा ढीग लागतो. दुसरी म्हणजे शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणाच्या तरी डेस्कटॉपवर पांढऱ्याशुभ्र डोंगरांचा वॉलपेपर येतो. मनाली, गुलमर्ग, औली, स्पिती... ज्याचं त्याचं बजेट! ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगच्या पोटातून जाणारा नऊ किलोमीटरचा अटल टनेल सुरू झाला. तेव्हापासून रस्ता मोकळा असेल तर भर हिवाळ्यातही गाडी थेट लाहौलच्या सिस्सूपर्यंत पोचते. थोडक्यात काय, तर बर्फ आपल्याला आणखी जवळ आलाय. मग काय, थर्मल्सची खरेदी होते, मंकी कॅपवरून घरात भांडणं होतात, लोणच्याची बरणी पॅक होते. आणि कॅमेरा? तो काय, आहेच की!

इथेच तर गडबड होते, मंडळी.

माझी एक मैत्रीण मागच्या जानेवारीत आईबाबांना घेऊन हिमाचलला गेली होती. नोकरी लागल्यापासून तिने मनात धरलेली ट्रिप. बाबा साठीचे, विदर्भातले शेतकरी. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला, गोळा केला आणि चक्क बायकोला फेकून मारला. हा फोटो तिच्याकडे आहे. पण त्यात बर्फ दिसतो सिमेंटच्या रंगाचा, आणि बाबांच्या चेहऱ्याच्या जागी आहे काळी सावली. टोपी ओळखू येते, हसू नाही. त्यानंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता पुन्हा बर्फात जाणं कठीणच. म्हणजे या सीनला रीटेक नाही.

बरं, कॅमेरा महागाचा, हात स्थिर, फोकस पक्का. मग चुकलं कुठे?

कॅमेऱ्याचा करडा चष्मा

फंडा सिंपल आहे. कॅमेऱ्यातल्या लाइट मीटरला समोर बर्फ आहे की डांबर, हे कळत नाही. समोरून किती उजेड परत येतोय, एवढंच त्याला कळतं. त्याचा सगळा हिशेब एका गृहीतावर चालतो. ते गृहीत असं, की समोरच्या दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येणार. रस्ता, झाडं, माणसं, भिंती असं सगळं फ्रेममध्ये असेल तर हे गणित बरोबर बसतं. ताजा बर्फ मात्र त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी-नव्वद टक्के उजेड परत फेकतो. मीटरला वाटतं, बापरे, केवढा हा प्रकाश! मग तो इमानेइतबारे एक्स्पोजर कमी करतो आणि पांढऱ्याला ओढत करड्यावर आणून ठेवतो.

बर्फ करडा झाला तर एक वेळ चालेल, तो नंतर कॉम्प्युटरवर उजळता येतो. पण त्या ओढाताणीत माणसंही खाली जातात. आपली कातडी मुळात गव्हाळ किंवा सावळी. बर्फाबरोबर तीही दोन पायऱ्या खाली उतरली की चेहरा संपला. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये चेहरा ओळखायची सोय असते, त्याने बराच फरक पडतो हे खरं. पण चेहरा फ्रेममध्ये लहान असेल किंवा गॉगल-मफलरच्या आड असेल, तर ती सोयही गोंधळते. आणि बर्फात गॉगल-मफलर नसलेला माणूस शोधून दाखवा!

यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे. अधिक-उणे असं चिन्ह असलेलं एक बटण किंवा डायल असतं, ते म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. बर्फात ते अधिक बाजूला न्यायचं, साधारण +१ ते +२ च्या दरम्यान. समोर डोळे दिपवणारा उजेड असताना आणखी वाढवायचं, हे मनाला पटत नाही, त्यामुळे बहुतेक जण उलटीकडे फिरवतात. लक्षात ठेवा, पांढरं वाढलं की अधिक. मोबाइलवाल्यांनी स्क्रीनवर टॅप करायचं आणि सूर्याचं चिन्ह बोटाने वर सरकवायचं. काम तेच होतं.

आता प्रश्न असा, की हे शिकायचं कुठे? रजा पाच दिवसांची, त्यातले दोन प्रवासात जाणार. उरलेल्या तीन दिवसांत मेन्यू शोधत बसायचं?

मामाच्या अंगणातला बर्फ

माझं आजोळ जळगाव जामोद. नाही, केळीवालं जळगाव नव्हे. हे बुलडाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. इथे बर्फ पडत नाही. महाराष्ट्रात खरं तर तो कुठेच पडत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की तेवढ्याचीच आपल्याकडे बातमी होते. पण जळगाव जामोदला डिसेंबरात दुसरं एक पांढरं असतं, आणि तेही ढिगाने. कापूस!

वऱ्हाडातल्या कापसाची कीर्ती जुनी आहे. शेजारच्या खामगावचा कापूस बाहेर जावा म्हणून १८७० मध्ये जलंबपासून खास रेल्वेचा फाटा टाकला होता. आजही वेचणी सुरू झाली की पऱ्हाटीतून आलेला कापूस घराघरात येऊन पडतो. भाव वाढेल या आशेवर तो खोलीत, ओसरीत, अंगणात ढीग करून ठेवलेला असतो. मामाच्या अंगणात तो ढीग माझ्या उंचीचा होता. वर सकाळचं कोवळं ऊन. मी कॅमेरा ऑटोवर ठेवून पहिला फोटो काढला आणि मामाला दाखवला.

त्याने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. ‘‘काऊन वं बाई, एवढा मळका दिसून राह्यला? हा फोटो व्यापाऱ्याले दाखोला त भाव पाडीन ना तो!’’

मामाने एका वाक्यात मीटरिंगचा अख्खा धडा सांगितला. कापसाचा भाव ठरताना त्याचा पांढरेपणा बघितला जातो. डोळ्यांना दिसणारा पांढरा आणि कॅमेऱ्याने दाखवलेला पांढरा यांतला फरक त्याला क्षणात कळला, कारण तो फरक त्याच्या खिशाला कळतो.

मग आम्ही दोघांनी मिळून प्रयोगच केला. एकच फ्रेम, एकच ऊन, फक्त कॉम्पेन्सेशन बदलत जायचं. शून्यावर कापूस करडा. +१ वर बराच बरा. +१.७ वर मामा म्हणाला, ‘‘हां, आता आपला वाटते.’’ +२.३ वर मात्र ढिगाचा उन्हातला भाग नुसता पांढरा डाग झाला, त्यातली बोंडं वेगळी दिसेनात. ही दुसरी टोकाची चूक. पांढरं इतकंही उजळायचं नाही की त्यातले बारकावे जळून जातील.

ही सीमा ओळखायला दोन साधनं आहेत. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा तो छोटा डोंगर, बर्फाच्या फोटोत उजवीकडे झुकलेला हवा. पण उजव्या भिंतीला चिकटून कापला गेलेला नको. दुसरी गोष्ट हायलाइट अलर्ट. तो चालू ठेवला की जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. सूर्याची चमक लुकलुकली तर सोडून द्या. पण बर्फाचा अख्खा उतार लुकलुकायला लागला की एक-दोन टिचक्या मागे या. बर्फात स्क्रीन नीट दिसत नाही आणि पोलराइज्ड गॉगलमधून ती काळीच दिसते, म्हणून स्क्रीनवरच्या चित्रापेक्षा या दोघांवर जास्त विश्वास ठेवा.

नंतर मामाला ढिगासमोर उभं केलं. तेव्हा एक गंमत दिसली. कापसावर पडलेलं ऊन उलटून त्याच्या हनुवटीखाली आलं होतं आणि टोपीच्या सावलीतला चेहराही उजळला होता. बर्फ हेच काम आणखी जोरात करतो. जमिनीवर अंथरलेला फुकटचा रिफ्लेक्टर! त्यामुळे आईबाबांना सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करायला लावून उभं करायची गरज नाही. सूर्य त्यांच्या बाजूला किंवा थोडा मागे राहू द्या, चेहऱ्यावर फोकस करा, कॉम्पेन्सेशन वाढवा. डोळे उघडे राहतील आणि हसूही खरं येईल.

कडुनिंबाच्या सावलीत पडलेला कापूस फोटोत निळसर आला, तेही बघून ठेवलं. सावलीत थेट ऊन नसतं, आकाशाचा निळा प्रकाश असतो. बर्फातल्या सावल्या याच कारणाने निळ्या येतात. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये काढला तर हा रंग घरी आल्यावर आरामात कमी-जास्त करता येतो. सगळा निळा मात्र पुसू नका. थंडी त्यातच असते!

कापूस आणि बर्फ एकच नव्हेत, हे मान्य. बर्फ जास्त उजळ असतो आणि उंचावरचं ऊनही जास्त कडक. आकडा तिथे थोडा बदलेल, पण बोटांना बटणाची जागा माहीत झालेली असेल. आणि ज्यांच्या मामाकडे कापूस नाही त्यांनी गच्चीवर पांढरी चादर वाळत घालावी. तिच्यासमोर रूममेटला उभं करावं. झालं काम.

गच्चीवरची रंगीत तालीम

जळगाव जामोदच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसहाला तिथे उभं राहिलं की बोटं सरळ होत नाहीत. यासारखी चांगली प्रॅक्टिस नाही. पातळ हातमोजे घाला आणि बॅटरी बदलून बघा. कार्ड काढा, घाला. ट्रायपॉडचे स्क्रू आवळा. जे जमत नाही ते इथेच कळू दे. बर्फात दोन थर लागतात. आत पातळ मोजे, वर जाड. फोटो काढताना फक्त वरचा काढायचा. ट्रायपॉड धातूचा असेल तर त्याच्या पायांना जुन्या कापडाची पट्टी किंवा फोम गुंडाळा. गार धातू उघड्या हाताने धरवत नाही.

या गच्चीवर आणखी एक धडा मिळतो. आपण उत्तरेकडे बघत असतो आणि सूर्य उजव्या हाताला उगवतो. ऊन बाजूने आडवं येतं. त्या उन्हात नांगरलेल्या काळ्या शेतातली एकेक तास वेगळी दिसते. तेच शेत दुपारी बाराला सपाट. बर्फाचंही असंच आहे. त्याच्यावरच्या वाऱ्याच्या लहरी, खळगे, उतार हे सगळं सकाळी आणि संध्याकाळी आडव्या उन्हातच दिसतं. म्हणून हॉटेलचा ब्रेकफास्ट नऊला असेल तर फोटो त्याच्या आधी उरकायचे. आभाळ भरून आलं असेल तर बर्फ आणि आकाश एकच होतं. अशा वेळी फ्रेममध्ये एखादी गडद गोष्ट घ्या. देवदाराचं झाड, लाकडी घर, लाल शाल घेतलेली आई. ऑटोफोकसलाही पकडायला कडा लागते, नुसत्या पांढऱ्यावर तो पुढे-मागे करत राहतो.

सेटिंगचं फार टेन्शन घेऊ नका. लँडस्केपसाठी एफ ८ ते एफ ११, आयएसओ कमी. बर्फ पडत असेल आणि कण थांबलेले हवे असतील तर शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान. त्यांच्या रेघा हव्या असतील तर १/३० च्या आसपास. बस्स.

बॅटरी खिशात, कॅमेरा पिशवीत

‘काल रात्री फुल चार्ज केली होती यार!’ हे वाक्य बर्फात दर दहा मिनिटांनी ऐकू येतं. बॅटरी खोटं बोलत नसते. लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि चार्ज शिल्लक असूनही ती तो देऊ शकत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांवर कंपन्या वापराचं तापमान शून्य ते चाळीस अंश असं लिहितात, आयफोनसाठी ते शून्य ते पस्तीस आहे. त्याखाली ही यंत्रं चालतात, पण कुरकुरत. उपाय आजीबाईचा आहे. जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. कॅमेऱ्यातली मरगळली की अदलाबदल करा. गारठलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर बऱ्यापैकी परत जागी होते. मोबाइलही जॅकेटच्या आतच हवा. आणि विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या, पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका. नियमाप्रमाणे त्या केबिन बॅगेतच लागतात.

खरा धोका मात्र बाहेर नाही, आत येताना आहे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो ना, तसाच तो गारठलेल्या कॅमेऱ्यालाही हीटरच्या खोलीत शिरल्याबरोबर फुटतो. लेन्सवर दिसतो तो पुसता येतो. आत सर्किटवर बसलेलं पाणी दिसत नाही आणि पुसताही येत नाही. म्हणून बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालायचा, हवा काढून पिशवी बंद करायची आणि मगच आत जायचं. दव पिशवीच्या बाहेर जमतं. दोन तास ती उघडायची नाही. फोटो बघायचेच असतील तर कार्ड बाहेरच काढून घ्या. चहाच्या कपावर चष्मा धूसर होणाऱ्या मित्राला हे सगळं एका मिनिटात कळेल.

तसंच, कॅमेऱ्यावर पडलेला बर्फ हाताने चोळू नका, तो वितळून फटीत शिरतो. मऊ ब्रशने झटका. आणि लेन्सवर तोंडाने हाऽऽ करायची सवय सोडा. ती वाफ तिथेच गोठते.

पावलं जपून

बर्फातलं लँडस्केप एकदाच कोरं असतं. गाडीतून उतरल्याबरोबर सगळे धावत सुटले की दोन मिनिटांत समोरच्या उताराचं बाजार मैदान होतं. आधी उभ्या जागेवरून फ्रेम बघा, फोटो काढा, मग हवा तेवढा दंगा करा.

पण फ्रेमसाठी रस्ता मात्र सोडू नका. ताज्या बर्फाखाली नाला आहे की दरीची कड, हे वरून कळत नाही. हिमस्खलनाची सूचना असेल तर तो परिसर त्या दिवशी आपल्यासाठी नाही. स्थानिक ड्रायव्हर नको म्हणाला तर नको. वाद घालायचा नाही.

सोयी नाहीत म्हणून कुरकुर करावीशी वाटली तर सॅम्युअल बोर्न आठवा. हा इंग्रज छायाचित्रकार १८६६ मध्ये किन्नौर आणि स्पितीच्या मधल्या मनिरंग खिंडीत पोचला. त्याच्या हिशेबाने उंची १८,६०० फूट. तेव्हा वेट प्लेटचा जमाना होता. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत धुवायचा. हे सगळं गारठलेल्या हातांनी. काचा, रसायनं, तंबू उचलायला हमालांची रांग. त्या उंचीवरून त्याने फोटो आणले. त्याच्या नावाचा कोलकात्याचा ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओ २०१६ पर्यंत चालू होता. आपल्याला तर फक्त एक डायल फिरवायचं आहे!

बॅग भरताना

- जादा बॅटऱ्या, किमान दोन. आतल्या खिशाची शर्ट किंवा जॅकेट.
- मोठ्या झिपच्या पिशव्या, चार-पाच. स्वस्तातली सगळ्यात कामाची वस्तू.
- सिलिका जेलच्या पुड्या. नव्या बुटांच्या खोक्यातल्याही चालतील.
- हवेचा ब्लोअर, मऊ ब्रश, दोन मायक्रोफायबर कापडं.
- लेन्स हूड. तो पडणारा बर्फ काचेपासून लांब ठेवतो.
- पोलरायझर असेल तर घ्या, पण पूर्ण फिरवू नका. उंचावर आकाश आधीच गडद असतं, ते काळं पडतं.
- हातमोज्यांचे दोन थर, गॉगल, सनस्क्रीन.

निघायच्या आधीचा एक रविवार या तालमीला द्या. आणि परत आल्यावर तीनशे फोटो ग्रुपवर ओतू नका. त्यातला एक निवडा, ज्यात आईचा किंवा बाबांचा चेहरा नीट दिसतो. त्याची आठ बाय दहाची प्रिंट काढा आणि गावाकडे पाठवा. आमच्या मामाने कापसाच्या ढिगासमोरचा तो फोटो मागून घेतलाय. घरात लावायला, व्यापाऱ्याला दाखवायला नव्हे.